बर्फाच्या रस्त्यावर हायब्रिडची मागची चाकं साथ देत नाहीत? दोष असा शोधा

गाडी बर्फात रुतलीय, पुढची चाकं जागच्या जागी गरगरताहेत आणि मागची ढिम्म. किंवा सगळं सुरळीत चाललेलं असताना डॅशबोर्डवर एकदम तीन-चार दिवे पेटले आणि पडद्यावर 'फोर-व्हील-ड्राइव्ह तपासा' असा निरोप आला. हायब्रिडही नवी आणि बर्फाचा रस्ताही नवा, त्यामुळे पहिला संशय सगळ्यात महागड्या भागांवर जातो. मोटर गेली असणार, बॅटरी गेली असणार. पण हिवाळ्यातल्या अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा टायर, बारा व्होल्टची छोटी बॅटरी, चाकाजवळचा एखादा सेन्सर नाहीतर थंडीमुळे गाडीने स्वतःच स्वतःला घातलेला आवर निघतो.

त्यामुळे शोध घेताना तीन प्रश्न ओळीने विचारायचे. मागच्या चाकांसाठी ताकदीची मागणी झाली होती का? झाली असेल तर गाडीच्या संगणकाने तिला परवानगी दिली का? आणि परवानगी मिळूनही ताकद चाकापर्यंत पोचली नाही का? काही मोडलंय, जळलंय किंवा गंजलंय अशी शंका फक्त तिसऱ्या प्रश्नावर घ्यायची. गोंधळ बहुधा होतो तो या तिसऱ्यापासून सुरुवात केल्यामुळे.

पायरी १: आपल्या गाडीची जात ओळखा

'हायब्रिड फोर-व्हील-ड्राइव्ह' या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या रचना विकल्या जातात आणि एकीची लक्षणं दुसरीला लावली की निदान चुकतं.

पहिल्या रचनेत पुढची चाकं इंजिन आणि मोटर मिळून फिरवतात, तर मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतंत्र विजेची मोटर असते. पुढून मागे जाणारा लोखंडी शाफ्ट नसतोच, जातात त्या फक्त जाड नारिंगी केबल. टोयोटा राव्ह४ हायब्रिड, मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन, व्होल्वोच्या टी८ गाड्या या जातीच्या. दुसऱ्या रचनेत नेहमीच्या ऑल-व्हील-ड्राइव्हसारखा प्रोपेलर शाफ्ट असतो आणि मागच्या डिफरेन्शियलजवळचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांजवळचं) कपलिंग, म्हणजे शाफ्ट आणि मागची चाकं जोडणारा-सोडणारा भाग, गरजेप्रमाणे पकड घेतं. होंडा सीआर-व्ही हायब्रिडमध्ये हे दिसतं. तिसरी रचना पिकअप आणि जीप रँग्लर ४एक्सईसारख्या गाड्यांची. त्यात ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी, असते आणि 'फोर-हाय' (चार चाकं, नेहमीचा वेग), 'फोर-लो' (चार चाकं, कमी वेग पण जास्त ओढ) अशी निवड चालक करतो.

वाहन-पुस्तिका हाताशी नसेल तर सपाट जागी गाडी बंद करून खाली टॉर्च मारा. मधोमध लांब शाफ्ट दिसला तर दुसरी किंवा तिसरी जात, नाही दिसला तर पहिली. गाडीखाली शिरायची गरज नाही, बाजूने वाकून दिसतं.

पहिल्या जातीतही सगळ्या मोटरा सारख्या नसतात. २०१९ च्या राव्ह४ हायब्रिडच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ४० किलोवॅटची मोटर आहे. २०१९ च्या ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रियसमध्ये मात्र मागची मोटर जेमतेम ५.३ किलोवॅटची आणि ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की ती कामच सोडते. प्रियसवाल्याने महामार्गावर 'मागची चाकं ओढत नाहीत' अशी तक्रार केली तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आपल्या गाडीच्या मागच्या मोटरचा आकडा आणि वेगमर्यादा आधी पाहून ठेवा. तुमची अपेक्षा बरोबर होती का, हे तिथेच कळतं.

पायरी २: थंडीत काय साहजिक आहे ते समजून घ्या

इथे थोडं थांबायला हवं, कारण अर्ध्याहून जास्त घबराट याच पायरीवर विरते.

हायब्रिडची मोठी बॅटरी गारठली की ती एका वेळी देऊ शकते आणि घेऊ शकते ती वीज दोन्ही घटतात. शून्याखाली बऱ्यापैकी तापमान गेलं की गाडीचा संगणक बॅटरी वाचवण्यासाठी मोटरला कमी ताकद देतो. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीची मागची मोटर सकाळी पहिल्या काही मिनिटांत मंद वाटते आणि अर्ध्या तासाने तीच नीट काम करते, ती यामुळे. ब्रेक मारल्यावर बॅटरीत परत जाणारी वीजही कमी होते, म्हणून ब्रेकची भावना बदलते. इंजिन सतत चालू राहतं, कारण त्याला स्वतःला, केबिनला आणि उत्सर्जन-यंत्रणेला गरम ठेवायचं असतं. यातलं काहीही बिघाड नाही.

दुसरी गोष्ट, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना बहुतेक हायब्रिड फक्त पुढची चाकं चालवतात. ऊर्जेच्या पडद्यावर मागच्या चाकांकडे बाण दिसला नाही म्हणजे मागचं बंद पडलं असं नव्हे. बाण दिसायला हवा तो थांब्यावरून सुटताना, जोरात वेग घेताना आणि चाक घसरल्यावर.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरण रोखणारी यंत्रणा, ताकद कापतो. हायब्रिडमध्ये तो ती जरा जास्तच कठोरपणे कापतो, कारण चाक अचानक मोकळं फिरलं तर मोटरही धोक्याच्या वेगाने फिरेल. चालकाला वाटतं, पेडल तळापर्यंत दाबलंय तरी गाडी मेल्यासारखी उभी. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकत असेल तर ती यंत्रणा काम करतेय. दिवा लुकलुकणं आणि दिवा कायम पेटून राहणं यातला फरक लक्षात ठेवा; कायम पेटलेला दिवा म्हणजे दोष नोंदला गेलाय किंवा कुणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केलीय. रुतलेली गाडी काढताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करून पाहा आणि गाडी निघाली की लगेच चालू करा.

आणि मागची मोटर किंवा कपलिंग तापलं की गाडी काही काळ दोन चाकांवर येते. खोल बर्फात पाच-दहा मिनिटं चाकं घुमवली की हे व्हायचंच. निरोप 'तापमान जास्त' अशा अर्थाचा असेल तर गिअर 'पी'मध्ये टाकून, गाडी 'रेडी' (चालू, निघायला तयार) स्थितीत ठेवून थांबा. दिवा आपोआप गेला तर विषय संपला.

पोट बर्फावर टेकलं असेल तर चारही चाकांना पूर्ण ताकद मिळूनही गाडी हलणार नाही. फावडं काढा, दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर नंतर.

पायरी ३: टायर

कंटाळवाणं वाटेल, पण टायर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. दोनच नवे टाकले असतील तर नव्या-जुन्यांचा घेर वेगळा पडतो. शाफ्टवाल्या गाडीला वाटतं की एक अ‍ॅक्सल सतत घसरतोय, त्यामुळे कपलिंग विनाकारण झटत राहतं आणि तापतं. किती फरक चालेल ते प्रत्येक कंपनी वेगळं सांगते आणि तो आकडा बहुधा थोड्याच मिलिमीटरचा असतो. छोटं सुटं चाक लावून लांब पल्ला गाठणं याच कारणाने वाईट.

हवा थंड टायरमध्ये मोजा. तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय पडतो. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेरच्या कडाक्यात चार-पाच पीएसआय कमी भरते आणि ती चारही चाकांत सारखी उतरतेच असं नाही.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं. तुमच्या गाडीत जगातली सर्वोत्तम ऑल-व्हील-ड्राइव्ह असू दे, कडक रबर बर्फ पकडत नाही आणि दोष मात्र ड्राइव्हच्या माथी येतो. माझं स्पष्ट मत आहे की दोन चाकांची गाडी चांगल्या हिवाळी टायरवर, चार चाकांच्या उन्हाळी टायरवरच्या गाडीपेक्षा भरवशाची. थांबताना आणि वळताना तर नक्कीच, कारण चार चाकांना ताकद मिळते ती पुढे जायला. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

पायरी ४: दिवे वाचा, मग छोटी बॅटरी मोजा

कोणते दिवे, कोणत्या क्रमाने लागले, ते लिहा किंवा फोटो काढा. एबीएस, घसरण-नियंत्रण आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असे तिन्ही एकदम लागले तर पहिला संशय चाकाच्या वेग-सेन्सरवर घ्या, कारण तिन्ही यंत्रणा त्याच चार आकड्यांवर जगतात. नुसता फोर-व्हील-ड्राइव्हचा दिवा लागला तर कपलिंग, मागची मोटर किंवा तिचं तापमान. त्याच्या जोडीला हायब्रिड यंत्रणेचा इशारा आला असेल तर मोठ्या बॅटरीकडे, इन्व्हर्टरकडे (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणाऱ्या भागाकडे) किंवा हाय-व्होल्टेज केबलकडे बघायला हवं आणि तिथे तुमचं घरगुती काम संपतं. पुढचा रडार बर्फाने झाकला गेला की क्रूझ कंट्रोल आणि आपत्कालीन ब्रेकचे निरोप येतात. त्यांचा या सगळ्याशी संबंध नाही, बंपर पुसा.

आता बारा व्होल्टची बॅटरी. साध्या गाडीत ती कमजोर झाली की स्टार्टर कण्हतो आणि आपल्याला कळतं. पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम बहुधा मोठी बॅटरी करते. छोटी फक्त संगणक जागे करते आणि रिले जोडते. त्यामुळे ती खंगली तरी कण्हण्याचा आवाज येत नाही, चित्रविचित्र दिवे लागतात. गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली गेली तर बाकीचं निदान थांबवून आधी ती चार्ज करा किंवा बदला. गाडी 'रेडी' केल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.५ वर चढायला हवा. नाही चढला तर मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देणारा कन्व्हर्टर तपासावा लागेल.

पायरी ५: चाकांजवळ डोकवा

रिमच्या आतल्या बाजूला बर्फाचा थर गोठला की चाकाचा तोल जातो आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक शाफ्ट बदलायच्या गप्पा करतात, औषध मात्र कोमट पाणी आणि ब्रश एवढंच. चाकामागचा घट्ट बर्फ, सेन्सरच्या तारेवर लोंबणारा गोळा, तुटलेला प्लास्टिकचा पत्रा हे सगळं याच फेरीत पाहून घ्या.

बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ हा खरा शत्रू. वेग-सेन्सर जिथे बसतो तिथे खालून गंज फुगला की सेन्सर उचलला जातो, अंतर वाढतं आणि कमी वेगात संकेत तुटतो. हाय-व्होल्टेज केबलचे जोडही या गंजातून वाचत नाहीत. २०१९ पासूनच्या राव्ह४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरच्या केबलचा जोड मिठाने गंजण्याचे प्रकार, विशेषतः कॅनडात, बरेच गाजले आणि पुढे टोयोटाने त्या केबलची वॉरंटी वाढवली. अशी गाडी असेल तर वॉरंटीची स्थिती विचारल्याशिवाय खिशातून पैसे घालू नका. नारिंगी आवरणाच्या केबलला आणि तिच्या जोडाला हात लावायचा नाही, प्रेशरचं पाणी मारायचं नाही, झाकण उघडून 'जरा बघू' तर मुळीच नाही. त्यात माणूस मारण्याइतकं व्होल्टेज असतं.

ब्रेकही पाहा. हायब्रिड मोटरने वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक पॅड फारसे वापरले जात नाहीत आणि खारट ओलाव्यात कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना अडकतात. एक चाक ब्रेक धरून बसलं की गाडी जड चालते आणि दोष ड्राइव्हवर जातो. दहा-पंधरा मिनिटं, शक्य तितका कमी ब्रेक मारत चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही रिम मोजा. एकच बरीच गरम निघाली तर गुन्हेगार सापडला. रात्रभर ओल्यात उभी गाडी सकाळी मागून चिकटल्यासारखी वाटली तर पार्किंग ब्रेक गोठला असेल.

पायरी ६: मोकळ्या जागी चाचणी

एक अ‍ॅक्सल जॅकवर उचलून, गाडी चालू करून 'मागचं फिरतंय का' बघण्याचा उद्योग करू नका. जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी जॅकवरून उडी घेते.

परवानगी असलेली, माणसं आणि खांब नसलेली, बर्फाने झाकलेली सपाट जागा हवी. सोबतचा माणूस बाजूला, गाडीपासून लांब उभा राहील. पुढे किंवा मागे कधीच नाही. स्टिअरिंग सरळ ठेवा, पूर्ण थांबा आणि पेडल हळूच पण ठामपणे दाबा. सोबत्याने फक्त चाकं बघायची. पुढची क्षणभर घसरली आणि पाठोपाठ मागून ढकललं गेलं तर ड्राइव्ह जिवंत आहे. मग उतरून खुणा पाहा. मागच्या चाकांखालीही बर्फ खरवडला गेला असेल तर ताकद तिथे पोचलीय. मागचं एकच चाक फिरलं तरी ताकद पोचली असंच धरा; साध्या डिफरेन्शियलमध्ये कमी पकडीचं चाक आधी फिरतं आणि त्याला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद द्यायचं काम ट्रॅक्शन कंट्रोल करतो.

शाफ्टवाल्या गाडीत 'शाफ्ट फिरतोय' हा पुरावा धरू नका. कपलिंग सुटलेलं असतानाही तो फिरू शकतो.

तिसऱ्या जातीच्या गाडीत 'फोर-हाय' निवडल्यावर दिवा लुकलुकतच राहिला तर काही मीटर सरळ पुढे-मागे घ्या, दाते बसायला तेवढं पुरतं. 'फोर-लो'साठी पुस्तिकेप्रमाणे थांबून किंवा अगदी मंद वेगात न्यूट्रलमध्ये यावं लागतं. तरीही जोडलं गेलं नाही तर निवड करणारी छोटी मोटर किंवा तिची गंजलेली तार पाहावी लागेल. आणि बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की 'फोर-हाय' सोडा, नाहीतर वळताना गाडी अडखळत उड्या मारेल. हे अडखळणं मागे स्वतंत्र मोटर असलेल्या गाडीत होत नाही, कारण दोन्ही अ‍ॅक्सल लोखंडाने जोडलेलेच नाहीत. तिथे तसं जाणवलं तर टायर किंवा ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तपासा.

पायरी ७: स्कॅनर

फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे अपुरा पडतो. एबीएस, हायब्रिड आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असे तिन्ही संगणक वाचणारा हवा. कोडचं पहिलं अक्षर दिशा देतं: 'पी' म्हणजे इंजिन, मोटर आणि ताकद, 'सी' म्हणजे ब्रेक, चाकं, स्टिअरिंग, 'यू' म्हणजे संगणकांचा आपसातला संवाद तुटला. एकदम पाच-सहा 'यू' कोड दिसले तर परत छोट्या बॅटरीकडे आणि अर्थिंगकडे वळा. 'पी-शून्य-ए-ए-सहा' हा कोड हाय-व्होल्टेज विजेचं इन्सुलेशन कमी झाल्याचा आहे. तो दिसला की गाडी पुढे चालवू नका, प्रशिक्षित माणसाला बोलवा. कोड पुसण्याआधी त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान, बॅटरीची पातळी, जतन करा. पुसलेली नोंद परत मिळत नाही.

कोड हा सुगावा आहे, उत्तर चालू आकड्यांत सापडतं. दुसऱ्याला स्कॅनर धरायला देऊन, सरळ कोरड्या रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास चालवा आणि चार चाकांचे वेग बघा. चौघे एकमेकांच्या जवळपास असायला हवेत. एकच कायम थोडं जास्त दाखवत असेल तर त्या टायरचा घेर लहान आहे, म्हणजे हवा किंवा झीज. एकच आकडा अधूनमधून शून्यावर आपटत असेल तर सेन्सर, त्याची तार किंवा बेअरिंगवरचं चुंबकी कडं.

मग सुरुवातीचे तीन प्रश्न आकड्यांत विचारा. मागच्या मोटरला दिलेला टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) आदेश, मोटरने प्रत्यक्ष दिलेला टॉर्क आणि बॅटरीतून त्या क्षणी काढता येणारी ताकद असे तीन आकडे पडद्यावर घ्या. पुढची चाकं घसरताहेत आणि आदेश शून्यच, तर मागणीच झालेली नाही. कारण चाकांचे वेग, स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर किंवा बंद पडलेला संगणक यांत शोधा. व्हील अलाइनमेंटनंतर किंवा बॅटरी काढून बसवल्यानंतर स्टिअरिंगचा 'शून्य' पुन्हा शिकवला नसेल तरी असं होऊ शकतं. आदेश येतोय पण फारच छोटा आणि बॅटरीची परवानगीही लहान, तर थंडी किंवा उतरलेली बॅटरी. गाडी नीट गरम करून पुन्हा पाहा. आदेश भरपूर, परवानगी भरपूर आणि प्रत्यक्ष टॉर्क शून्य, तर मोटर, इन्व्हर्टर किंवा केबल. शाफ्टवाल्या गाडीत टॉर्कच्या जागी कपलिंगला जाणारा करंट बघायचा: करंट जातोय आणि मागचं हलत नाही, तर कपलिंग किंवा त्याचं तेल.

आवाजांविषयी थोडक्यात

वळताना कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची किंवा खडबडीत हिवाळी टायरची. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. पेडल दाबताना-सोडताना ठप्प असा धक्का बसला तर शाफ्टचे सांधे किंवा माउंटिंग. मोटरचा हलका सूं-सूं आवाज स्वाभाविक आहे.

अडकलात तर

बर्फात अडकून उबेसाठी गाडी 'रेडी' ठेवली असेल तर सायलेन्सरचं तोंड वारंवार मोकळं करा. हायब्रिडचं इंजिन तुम्हाला न विचारता चालू होतं आणि तोंड बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर चारही चाकं जमिनीवरून उचलणारा सपाट ट्रक मागवा. दोन चाकं घासत नेली तर मागची मोटर फिरून वीज तयार करू लागते, शाफ्टवाल्या गाडीत कपलिंग जळतं.

गॅरेजला गेल्यावर 'फोर-व्हील चालत नाही' एवढंच सांगू नका. बाहेरचं तापमान किती होतं, गाडी गार होती की तापलेली, वेग किती, चढ होता का, दिवे कोणत्या क्रमाने लागले, टायर कधी आणि किती बदलले, एवढं कागदावर द्या. कोडची यादी आणि त्या क्षणाची नोंद जोडा. आदेश आणि प्रत्यक्ष टॉर्क यांची तुलना झाल्याशिवाय मागची मोटर किंवा कपलिंग बदलायला होकार देऊ नका. दुरुस्तीनंतरची चाचणीही गार गाडीवर आणि निसरड्या जागीच करून मागा. उबदार गॅरेजमध्ये विझलेला दिवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेटू शकतो.